इंदूरच्या खड्ड्यातला कार्बन-नत्राचा हिशेब

कृषी पदविकेच्या विद्यार्थ्याला कंपोस्ट खताचे प्रकार विचारले, तर तो इंदूर पद्धत, बंगलोर पद्धत, नाडेप पद्धत अशी नावे एका दमात सांगतो. खुद्द इंदुरात मात्र स्वच्छतेतला पहिला क्रमांक सर्वांना तोंडपाठ असला, तरी आपल्या गावाचे नाव खताच्या एका पद्धतीला कसे लागले, हे सांगू शकणारी माणसे थोडीच भेटतात. आमच्याकडे रामबाग, लोकमान्यनगर या भागांत गच्चीवर खताची बादली ठेवणारी अनेक मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते: बादली गरमच होत नाही, त्यामुळे विकत आणलेली कल्चरची, म्हणजे कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांची, पावडर बनावट असावी. जोडीला सात दिवसांत खत करून देण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती फिरतच असतात. या तक्रारीचे आणि या दाव्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी याच शहरात, आज जेथे कृषी महाविद्यालय आहे त्या आवारात, शोधले गेले होते.

अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड या स्वतः उत्तम वनस्पती-क्रियाशास्त्रज्ञ होत्या. प्रकाशसंश्लेषणाचा वेग तापमानावर आणि प्रकाशावर कसा अवलंबून असतो, याविषयी केंब्रिजमध्ये एफ. एफ. ब्लॅकमन यांच्याबरोबर त्यांनी केलेले प्रयोग त्या शास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात. पुशात या दोघांनी मिळून गव्हाचे सुधारित वाण तयार केले आणि ते वाण पुढे दूरवर पसरले. परंतु वाण सुधारणारा एका खोलीत, रसायन पाहणारा दुसऱ्या खोलीत आणि बुरशीचा अभ्यासक तिसऱ्या खोलीत, अशी तेथील कामाची वाटणी हॉवर्ड यांना पटत नव्हती, कारण शेतातल्या रोपाला या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सोसाव्या लागतात. आपल्या मनासारखी संस्था त्यांना इंदुरात मिळाली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातील संस्थानांनी पैसा दिला आणि १९२४ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. संस्था कापसाच्या संशोधनासाठी होती. खत हा तिचा मूळ विषय नव्हताच. मात्र जमिनीचा कस खालावलेला असेल, तर नुसत्या चांगल्या बियाण्याने फारसे साधत नाही, या निष्कर्षापर्यंत हॉवर्ड आलेले होते आणि माळव्यात शेण तर मोठ्या प्रमाणावर गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात होते. उरलेल्या थोड्या शेणात शेतातला सगळा काडीकचरा कसा मुरवायचा, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

या कामाची रासायनिक बाजू यशवंत डी. वाड यांच्याकडे होती. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने या प्रयोगांवरचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. पुढे हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून त्यांचा जगभर गौरव झाला आणि वाड यांचे नाव हळूहळू तळटिपांत गेले. गॅब्रिएल हॉवर्ड १९३० साली वारल्या. त्यांचेही नाव फारसे घेतले जात नाही. हे गैर आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण केवळ अस्मितेचे नाही. काडीकचरा आणि शेण थरांत रचून कुजवण्याची रीत चीन-जपानच्या शेतकऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होती आणि अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तिचे वर्णनही केले होते. इंदुरात त्यात जी भर पडली ती मोजमापाची होती: कोणत्या दिवशी किती तापमान, किती ओलावा, किती नत्र. पद्धतीचे शास्त्र झाले ते या नोंदींमुळे, आणि म्हणून त्यातल्या रसायनाचा भार वाहणाऱ्या माणसाचे नाव गाळून हा इतिहास सांगता येत नाही.

आता तो हिशेब पाहू. कचरा कुजतो म्हणजे जिवाणू आणि बुरशी तो खातात. त्यांना दोन कारणांसाठी कार्बन लागतो: एक, श्वसन करून ऊर्जा मिळवण्यासाठी आणि दोन, स्वतःचे शरीर बांधण्यासाठी. शरीरातल्या प्रथिनांसाठी त्यांना नत्रही लागतो. ढोबळमानाने सूक्ष्मजीवाच्या शरीरात दहा भाग कार्बनामागे एक भाग नत्र असतो. पण खाल्लेल्या कार्बनापैकी सुमारे एक तृतीयांशच शरीरात राहतो. उरलेला दोन तृतीयांश श्वसनात जळून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. म्हणजे शरीरात दहा भाग कार्बन बसवायचा असेल तर तीस भाग खावा लागेल आणि त्याबरोबर नत्र हवा एक भाग. कंपोस्टच्या कच्च्या मालात कार्बन-नत्र गुणोत्तर तीसाच्या आसपास असावे असे जे सांगितले जाते, त्याचे मूळ या साध्या गणितात आहे, आणि तयार खतात ते गुणोत्तर दहाच्या आसपास का उतरते याचेही.

हे गुणोत्तर चुकले तर काय होते? गव्हाच्या काडात ते सुमारे ऐंशी असते. ऐंशी भाग कार्बनापैकी सत्तावीस भाग सूक्ष्मजीवांच्या शरीरात जाऊ पाहतात, त्यासाठी २.७ भाग नत्र हवा आणि काडात आहे एकच. उरलेला १.७ भाग मिळाला नाही तर कुजणे रेंगाळते. आणि असे काड थेट शेतात गाडले, तर सूक्ष्मजीव तो मातीतून उचलतात व पिकाच्या वाट्याचा नत्र काही आठवडे त्यांच्या शरीरात अडकून पडतो. कच्चे खत टाकल्यावर पीक पिवळे पडते ते या कारणाने; खत ‘उष्ण पडले’ या म्हणण्याने काहीच उलगडत नाही. उलट बाजूला, नत्र जास्त झाला तर जादा भाग अमोनिया होऊन उडून जातो आणि वासाने शेजारी तक्रारीला येतात.

काडाला बाहेरून नत्र आणि हवा मिळाली तर ते शेणाशिवायही कुजते, हे इंग्लंडमधील रॉथमस्टेड केंद्रात हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी १९२१ साली दाखवले होते. त्यातून तेथे ‘अ‍ॅडको’ नावाची पावडर बाजारात आली आणि तीत निदान नत्र तरी होता. माळव्यातल्या शेतकऱ्याला ती परवडणारी नव्हती. हॉवर्ड आणि वाड यांनी नत्रासाठी गोठ्यातल्या वाया जाणाऱ्या मुताकडे पाहिले. गोठ्याच्या जमिनीवर माती पसरून ती मुताने भिजली की खोदून काढायची आणि थरांमध्ये टाकायची. शेण विरजणाचे काम करी, तर कुजताना तयार होणारी आम्लता लाकडाची राख आवरी. कापसाच्या पऱ्हाट्या कुजायला सर्वांत अवघड, कारण त्यांच्यातले सेल्युलोज लिग्निनच्या कठीण वेष्टणात असते. या पऱ्हाट्या संस्थेच्या आवारातल्या रस्त्यांवर पसरून ठेवत, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होई आणि मग तो गुरांखाली अंथरला जाई.

खड्ड्याचे माप तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि खोली मात्र अवघी दोन फूट. उथळपणाचे कारण प्राणवायू: त्याहून खाली हवा पुरेशी पोहोचत नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग करत. तीन महिन्यांत तीनदा माल वरखाली करायचा, म्हणजे कडेचा थंड भाग मध्ये येतो आणि अडलेली हवा पुन्हा खेळते.

उष्णतेचा उलगडाही इथेच होतो. जळालेल्या दोन तृतीयांश कार्बनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. सुरुवातीचे जिवाणू साधारण चाळीस अंशांपर्यंत काम करतात. त्यांनीच वाढवलेल्या तापमानात ते मागे पडतात आणि उष्णताप्रेमी जिवाणू व अ‍ॅक्टिनोमायसीट (बुरशीसारखे धागे धरणारे जिवाणू) पुढे येतात. चांगला ढीग काही दिवसांत साठ अंशांच्या वर जातो आणि त्यात तणांचे बी व बहुतेक रोगजंतू मरतात. उष्णता निर्माण होते ती घनफळाच्या प्रमाणात आणि निसटते पृष्ठभागातून. एक मीटर बाजूच्या घनाकार ढिगाला प्रत्येक घनमीटरमागे सहा चौरस मीटर पृष्ठभाग असतो. तीस सेंटीमीटर बाजूच्या बादलीला तोच वीस चौरस मीटर पडतो. बादली तिपटीहून अधिक वेगाने थंड होते, एवढाच याचा अर्थ. आत कुजण्याचे काम चालूच असते, फक्त संथ गतीने. त्यात पावडरीचा दोष नाही, आणि खरे म्हणजे तिची गरजही नाही, कारण लागणारे सूक्ष्मजीव मूठभर जुन्या खतात किंवा शेणात भरपूर असतात. हीच गोष्ट अमुक जातीच्याच गाईच्या शेणात दिव्य शक्ती असल्याच्या संदेशांना लागू आहे. म्हशीचे शेणही हेच काम करते. आणि सात दिवसांत कचऱ्याचा रंग पालटतो, उग्र वासही जातो. पण कार्बन-नत्र गुणोत्तर सात दिवसांत तीसावरून दहावर येत नाही. लिग्निनला घाई चालत नाही.

उत्साहाचा अतिरेक हॉवर्ड यांनीही केला. आपले बैल शेजारच्या लाळ्या-खुरकुताने आजारी गुरांच्या नाकाला नाक लावत, तरी त्यांना रोग झाला नाही, असे त्यांनी पुढे लिहिले आणि श्रेय सुपीक जमिनीतल्या चाऱ्याला दिले. तुलनेसाठी दुसरा कळप ठेवलेला नसताना हे निरीक्षण प्रयोग ठरत नाही. ज्या संस्थेत ढिगाचे तापमान इतक्या निगुतीने नोंदवले गेले, तिच्या संचालकाने बैलांच्या बाबतीत ती शिस्त सोडावी, याचे आश्चर्य वाटते. सेंद्रिय शेतीच्या प्रचारकांनी दुर्दैवाने बैलांचीच गोष्ट अधिक उचलली.

पद्धत मात्र झपाट्याने पसरली. केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपासून आसामातल्या चहाच्या बागांपर्यंत ती गेली. जॅक्सन आणि वाड यांनी १९३४ साली वस्तीतला कचरा आणि मैला यांनाही ती लागू केली. १९३९ साली बंगलोरला सी. एन. आचार्य यांनी माल वरखाली करण्याचे कष्ट वाचवणारी पद्धत दिली. तीत सुरुवातीचे काही दिवस सोडले, तर कुजणे हवेविना होते, म्हणून वेळ अधिक लागतो.

हवेविना कुजवणे हा दुसरा रस्ता आज इंदूरने मोठ्या प्रमाणावर धरला आहे. देवगुराडिया येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या गोबरधन प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे आणि त्यातून मिथेन काढून वाहनांसाठी गॅस तयार केला जातो. येथे हिशेबाचे एक पान बदलते. प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका मोलमधून (मोल हे रेणू मोजण्याचे एकक) सुमारे २८०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. सूक्ष्मजीव तिच्यातील काही भाग आपल्या शरीरबांधणीत वापरतात आणि उरलेली उष्णता होऊन ढीग तापवते. प्राणवायू नसेल तर त्याच ग्लुकोजचे मिथेनचे तीन आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन मोल होतात आणि मूळ ऊर्जेपैकी सुमारे ९५ टक्के मिथेनमध्येच राहते. त्यामुळे देवगुराडियाच्या टाक्या स्वतःच्या बळावर साठ अंशांपर्यंत तापत नाहीत; जी उष्णता हॉवर्ड आणि वाड यांचे खड्डे हवेत सोडत होते, ती येथे शहराच्या बसगाड्यांच्या इंजिनात बाहेर पडते. नत्र मात्र गॅसबरोबर जात नाही. तो टाकीतल्या गाळात उरतो, बराचसा अमोनियाच्या रूपात, आणि तो उडून जाऊ नये म्हणून त्या गाळात पुन्हा काडीकचऱ्याचा कार्बन मिसळून, हवा देऊन मुरवावे लागते.