सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक

न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी, आठवड्यात वजन उतरवणाऱ्या गोळ्या... असल्या ईमेलला भुलतं तरी कोण? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००८ साली हे चक्क मोजलं. 'स्टॉर्म' हे व्हायरस शिरलेल्या संगणकांचं जाळं तेव्हा जगभर स्पॅम, म्हणजे न मागितलेली जाहिरातींची ईमेल, पाठवत असे आणि संगणकांच्या मालकांना त्याचा पत्ताही नसे. संशोधकांनी त्या जाळ्यात शिरून काही पत्रांतल्या लिंक स्वतः उभारलेल्या औषधांच्या नकली दुकानाकडे वळवल्या. पैसे कुणाचेच घेतले नाहीत, फक्त येणारे मोजले. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी पत्रं सुटली. दुकानापर्यंत साडेदहा हजार लोक पोहोचले आणि खरेदीला तयार झाले अवघे २८.

म्हणजे सव्वा कोटी पत्रांमागे एक. तरीही धंदा परवडतो, कारण संगणक दुसऱ्याचा, वीज दुसऱ्याची, इंटरनेटही दुसऱ्याचं. त्यामुळे आपण गप्प बसलो म्हणून स्पॅम थांबत नाही. पत्र पोहोचूच न देणं हाच खरा उपाय. त्या प्रयोगातलीही सुमारे तीन चतुर्थांश पत्रं इनबॉक्सच्या वाटेवरच अडली होती.

अडवण्यामागचं गणित अठराव्या शतकातलं आहे. थॉमस बेझ या इंग्लिश धर्मगुरूंचा संभाव्यतेवरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापला गेला. पुरावा हाती येईल तसा अंदाज कसा बदलावा, हे त्यातून कळतं. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने हेच तत्त्व स्पॅमला लावून दाखवलं आणि ते झपाट्याने पसरलं. फिल्टर, म्हणजे स्पॅम चाळून वेगळं काढणारा प्रोग्रॅम, प्रत्येक शब्दाचा हिशेब ठेवतो: हा स्पॅममध्ये किती वेळा आला, चांगल्या पत्रांत किती वेळा? 'लॉटरी' शब्दाने संशय वाढतो, तुमच्या सोसायटीच्या नावाने घटतो. सगळे शब्द मिळून निकाल लागतो. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते, की फिल्टरला चकवायला अक्षरांच्या जागी आकडे घुसडले तर ते विद्रूप शब्दच पुरावा बनतात. चांगल्या पत्रांत ते कधी नसतातच! आजचे फिल्टर याहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहेत, पण उदाहरणांवरून शिकणं तेच.

ही उदाहरणं आपणच पुरवतो. म्हणून नको असलेलं पत्र नुसतं डिलीट करू नका, 'स्पॅम' म्हणून कळवा. ओळखीच्या दुकानाच्या जाहिराती नकोशा झाल्या तर 'अनसबस्क्राइब' दाबा. मोठ्या संख्येने जाहिराती पाठवणाऱ्यांना ती सोय एका क्लिकवर देणं जीमेल आणि याहूने २०२४ पासून बंधनकारक केलं आहे. अनोळखी पत्रातली तीच लिंक मात्र दाबू नका. तुमचा पत्ता जिवंत आहे एवढं कळलं, तरी त्यांचं काम होतं. पत्रातलं चित्र उघडण्यानेही ते कळू शकतं, म्हणून चित्रं आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवलेली बरी.

अधूनमधून स्पॅमचा फोल्डरही चाळा. मुलाखतीचं बोलावणं तिथे अडकलेलं असू शकतं. सापडलं तर 'स्पॅम नाही' हे बटण आठवणीने दाबा, फिल्टर त्यातूनही शिकतो.