पाऊस सारखा, मळा खोताचा

दक्षिण कोकणात ग्रामदैवतापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. 'बा देवा म्हाराजा, काय चूकभूल झाली आसात तर माफ कर' असं गाऱ्हाणं घालणारा सुरात म्हणतो आणि मागची मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. यात एक गोम आहे. जगात न्याय आपोआप होत असेल तर गाऱ्हाणं कशाला? आणि होतच नसेल तर घालायचं कोणापुढे?

गोम जुनीच. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) ती 'वैषम्य-नैर्घृण्य' या नावाने येते. कोणी सुखात, कोणी हालात, मग देव पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? शंकराचार्यांनी दिलेला दृष्टान्त कोकणी माणसाला चटकन कळावा असा आहे: देव पावसासारखा. पाऊस सगळ्यांना एकच. भात उगवेल की जव, हे बियाण्यावर. बियाणं म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. पुढच्याच सूत्रात शंका निघते, सृष्टीच्या आधी कर्म आलं कुठून? उत्तर: संसार अनादी आहे, बी आणि अंकुरासारखा. तर्काला फट नाही, पण हिशेबाच्या या वहीला पहिलं पानच नाही.

शिवाय दृष्टान्तात जमीन येत नाही. कातळावर आणि मळ्यात एकच बी सारखं येत नाही, आणि मळा बहुतेक खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा! कुळाने पिकवायचं, खंड म्हणून पिकातला वाटा खोताला घालायचा, वर वेठ म्हणजे फुकट राबणं. 'गेल्या जन्मीचं' म्हटलं की हे सगळं रास्त. (आचार्य हे खोतांसाठी लिहीत नव्हते, हे खरंच.) पण १९३३ साली अलिबाग तालुक्यात चरी परिसरातल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि शेतं ओस ठेवली. संप १९३९ पर्यंत टिकला. मधे १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आता खोताचं वतन गेलं, तेही त्याचं कर्मच म्हणायचं? खोती होती तेव्हा ती रास्त, गेली तेव्हा जाणं रास्त. घडेल ते सगळंच न्याय्य ठरवलं की 'न्याय्य' म्हणजे नुसतं 'घडलं' एवढंच उरतं.

ग्रामदैवताला कौल लावणारे, म्हणजे देवाचं हो-नाही विचारणारे, असं मानत नाहीत. ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, देवाच्या पाषाणाला चिकटवून सगळे टक लावून बसतात. डावा, म्हणजे नकाराचा, कौल झाला म्हणून कोणी उठून घरी जात नाही; काय चुकलं ते विचारतात, आणि कळे पुन्हा लावतात.