सड्यावरचे सर्व्हे दगड : छंदामागची पार्श्वभूमी

दिवाळीनंतर सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचं, गवत वाळायला लागलं की कोकणात जुन्या सर्वेक्षणाचे दगड शोधणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो आणि शिमग्याच्या आगेमागे आटोपतो. नंतर कातळ इतका तापतो की टेकायची सोय नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने तर प्रश्नच नाही. या मधल्या काळात दोन-चार जणांच्या टोळ्या मोबाइलवर जुना नकाशा घेऊन डोंगरमाथे, पडके बुरूज, मोऱ्यांचे कठडे आणि देवळांचे चौथरे धुंडाळत असतात. शोधायचं ते एवढंच : दगडात कोरलेलं एक वर्तुळ आणि त्याच्या मधोमध टिंब, नाहीतर ‘जी. टी. एस.’ आणि ‘बी. एम.’ ही अक्षरं. सापडलं की फोटो काढायचा, भोवतालच्या खुणा टिपायच्या, दगडाला हात न लावता खाली उतरायचं.

छंद म्हणून हा प्रकार बाहेरून आला. ब्रिटनमध्ये १९३६ पासून माथ्यांवर काँक्रीटचे खांब उभे राहिले, सुमारे साडेसहा हजार, आणि ते एकेक करून ‘गाठणारे’ लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अमेरिकेत मे २००० मध्ये जीपीएसच्या संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली गेली आणि हातातल्या यंत्राने डबे शोधण्याचा खेळ सुरू झाला. सर्वेक्षणाच्या खुणा (बेंचमार्क) शोधणं ही त्याचीच एक फांदी. आपल्याकडे तसे छातीपर्यंत येणारे पांढरे खांब नाहीत. खूण जमिनीलगत असते, वर दगडांची रास, रासेवर करवंदीची जाळी. त्यामुळे इथला शोध चालण्यापेक्षा वाकण्याचा आणि झाडझाड करण्याचा जास्त.

जुना इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीच्या सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली गेली. ते काम सुरू करणारा अधिकारी १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या मुख्य रेषेपासून मुंबईकडे आणि तिथून कोकणपट्टीत त्रिकोणांच्या साखळ्या एकोणिसाव्या शतकात ओढल्या गेल्या. सपाट प्रदेशात मनोरे बांधावे लागले, कोकणात डोंगरच हजर होते. देवळांचे कळस, दीपगृहं, ध्वजस्तंभ यांच्यावर दुरून नेम धरला जाई; स्वतः यंत्र लावायची जागा मात्र माथ्यावर. तिथे खालच्या कातळात एक खूण, तिच्या बरोबर वर दुसऱ्या दगडात दुसरी, भोवती चौथरा, आणि काम संपल्यावर सगळं दगडांखाली झाकलेलं. राखण जिल्ह्याच्या अंमलदारांकडे, म्हणजे शेवटी गावच्या पाटलाकडे. खूण शाबूत आहे की नाही याचा अहवाल वर्षाकाठी वर जायचा. छंदवाले आज जे करतात ते तेव्हा पाटील फुकटात करत होता.

नवख्यांची पहिली चूक होते ती या अक्षरांपाशी. ‘जी. टी. एस.’ म्हणजे त्रिकोणमितीचं सर्वेक्षण, म्हणून तो दगड डोंगरावर असणार, असं गृहीत धरून लोक माथे पालथे घालतात. पण ‘बी. एम.’ म्हणजे बेंचमार्क, आणि ती अक्षरं कोरलेला दगड उंचीचा. ते काम लेव्हलिंगवाल्यांचं, आणि ते रस्त्याच्या कडेने चालायचे. म्हणून त्यांच्या खुणा धर्मशाळेच्या पायरीवर, पुलाच्या कठड्यावर, देवळाच्या जोत्यावर मिळतात. या उंच्यांचा शून्य ठरला समुद्राच्या सरासरी पातळीवरून. १९०९ मध्ये देशभरच्या उंच्या एकत्र बांधल्या तेव्हा नऊ बंदरांच्या भरती-ओहोटीच्या नोंदी धरल्या होत्या. त्यांत मुंबईचं अपोलो बंदर आणि खाली कारवार ही दोन्ही होती. नागपूरचा ‘झिरो माइल’ही मुळात १९०७ चा उंचीचा दगडच, पण त्याला देशाचं मध्य करून ठेवलंय आणि आता कोण ऐकतंय!

तिसरा दगड महसुली, आणि गावात विचारलंत तर आधी तोच दाखवतात. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. हे गणित कोकणातल्या कुठल्याही भावकीच्या तंट्यात आजही तोंडपाठ म्हटलं जातं. हद्दीचा दगड, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, गडग्यात बसवलेला चिरा, सगळे या कुळातले. त्यांच्याही मागे शिलाहारकालीन गद्धेगाळ आहेत, दान दिलेली जमीन हडपणाऱ्याला शाप देणारे. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके ९३४ चा की त्यानंतरचा, हा वाद निराळा. पण शोधाला निघालेल्या टोळीच्या फोटोंत दहातले दोन तरी गद्धेगाळ निघतात, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही.

खरा गुंता आहे तो नकाशांचा. साठच्या दशकाच्या अखेरीस संरक्षण खात्याच्या आदेशाने सीमा आणि किनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्याचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे ‘प्रतिबंधित’ झाले. आता किनाऱ्यापासून ८० किलोमीटर मोजून बघा. सह्याद्रीचा कडा बहुतेक ठिकाणी त्याच्या आत येतो. म्हणजे एका आदेशात जवळपास सगळं कोकण बंद. सातारा-नगरकडच्या डोंगरांचं शीट, म्हणजे नकाशाचा कागद, कुणालाही पैसे भरून मिळायचं. राजापूर, देवगड, दापोलीचं मागायला गेलं की ‘कशासाठी हवंय, कुठल्या खात्याकडून आलात’ इथून सुरुवात. सरकारी शिक्का असलेलं पत्र नसेल तर तिथेच शेवट.

आदेशाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं सोपं आहे आणि ते खोटं नाही. १९६५ च्या युद्धात द्वारकेवर समुद्रातून तोफा डागल्या गेल्या होत्या, किनारा उघडा आहे ही भीती नवी होती. पुढे १९९३ ची स्फोटकं रायगडच्या शेखाडीला उतरली, २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत शिरले. प्रत्येक वेळी बंदीवाल्यांना ‘बघा, आम्ही सांगत नव्हतो?’ म्हणायची सोय झाली. पण शेखाडीला माल उतरवणाऱ्यांना टोपोशीट लागलं नव्हतं, तिथली वाट ठाऊक असलेली माणसं पुरली. आणि ज्यांच्यापासून नकाशा लपवायचा होता त्यांच्याकडे तो होताच : अमेरिकन लष्कराने पन्नासच्या दशकात आपल्याच सर्वेक्षणाच्या नकाशांवरून १:२,५०,००० ची शीटं बनवली होती. ती पुढे टेक्सासच्या एका विद्यापीठाने इंटरनेटवर टाकली, आणि मुंबई-पुण्याच्या भटक्यांनी ती उतरवून घेतली. रत्नागिरीच्या माणसाने आपल्या तालुक्याचा डोंगर टेक्सासहून आणायचा! शिवाय त्या प्रमाणावर कागदावरची मिलिमीटरभर चूक म्हणजे जमिनीवर पाव किलोमीटर. खाडी कुठे वळते ते कळतं, दगड सापडत नाही.

बंदीचा सगळ्यात खोल परिणाम छंदाच्या पद्धतीवर झाला. घाटावरचे लोक नकाशावरचा टिंबाचा त्रिकोण बघून निघायचे. कोकणातले जुने शोधे गुराख्यांना, बागेच्या राखण्यांना आणि कातकऱ्यांना विचारत फिरले. नावांवरून माग काढायचा : निशाणाची टेकडी, झेंड्याचा माळ, बावट्याचा डोंगर. सर्व्हेवाले माथ्यावर निशाण लावायचे, तेव्हा नाव पडलं असणार, हा तर्क. तो कधी बरोबर निघतो आणि कधी साफ आपटतो, कारण किनाऱ्यावर बावटा म्हटला की बंदराचा. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य इथे अजून दर पावसाळ्यात ऐकू येतं. वादळाचा इशारा द्यायला लावलेल्या काठीचा चौथरा आणि यंत्र ठेवायचा चौथरा शे-सव्वाशे वर्षांनी सारखेच दिसतात, दोन्हींवर घाणेरी वाढलेली.

देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर आम्ही अशाच एका ‘निशाणा’च्या मागे गेलो होतो. माथ्यावर जांभ्याचे चिरे गोल रचलेले, मधे काळा दगड, त्यावर शेंदराचा जाड थर, पुढे फुटका नारळ आणि विड्यांचं अर्धं बंडल. काजू बघायला आलेले एक आजोबा लांबूनच ओरडले, “चपला काढून जावा हां, तो आमचो राखणदार!” चपला काढल्या. शेंदूर खरवडायचा प्रश्न नव्हता, पण एका बाजूने थर आपोआप सुटला होता आणि तिथे वर्तुळाची चतकोर कड दिसत होती, छिन्नीने मारलेली, एकसारख्या खोलीची. टिंब शेंदराखालीच राहिलं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, दगड सायबाच्या आधीचा. असेलही. आमच्या वहीत तो ‘संभाव्य’ म्हणून लिहिला आहे. खरं तर ही अशी राखण पाटलाच्या अहवालापेक्षा भक्कम. ज्या दगडांना देवपण मिळालं नाही त्यांच्याखाली गुप्तधन असेल म्हणून लोकांनी खणून ठेवलंय.

नकाशे उघडत गेले ते गेल्या वीस वर्षांत. २००५ च्या धोरणाने दोन मालिका केल्या, एक लष्कराची, एक सगळ्यांसाठी. सगळ्यांसाठीची आली, पण नव्या क्रमांकांनी. ‘४७ बी’पासून ‘४८ ई’पर्यंत ज्यांना आपली शीटं पाठ होती ते पुन्हा बालवर्गात. २०१७ मध्ये ती आधार क्रमांक देऊन फुकट उतरवता यायला लागली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरची बरीचशी परवानगीराजवट एका फटक्यात गेली. पन्नास वर्षं जे धोक्याचं होतं ते एका सकाळी धोक्याचं राहिलं नाही. कुणी चुकलं होतं, असं मात्र कुठेच म्हटलेलं नाही.

नकाशा हातात आल्यावर वेगळीच गंमत सुरू झाली. १९०५ च्या आधीच्या नकाशांचे रेखांश मद्रासच्या जुन्या आकड्यावर बेतलेले, त्यांतून २ मिनिटं २७ सेकंद वजा करावी लागतात. कोकणाच्या अक्षांशावर हे चार किलोमीटरच्या वर जातं. जुन्या यादीतला आकडा तसाच मोबाइलमध्ये घातला तर किनाऱ्यावरचा माथा पूर्वेला सरकून कुणाच्या तरी भातखाचरात पडतो. नंतरच्या शीटांत ही चूक नाही, पण त्यांनी धरलेला पृथ्वीचा आकार १८३० चा आणि मोबाइलचा आकार उपग्रहांच्या जमान्यातला, त्यामुळे शंभर मीटरच्या वर फरक राहतोच. सड्यावर शंभर मीटर म्हणजे दोन तास. होकायंत्रावरही भिस्त ठेवता येत नाही : जांभ्यात लोह, आणि राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठण्याच्या कातळशिल्पापाशी सुई भरकटते ते आता पर्यटकांनाही दाखवतात.

कातळशिल्पांचं नाव निघालंच म्हणून : तीही शोधली गेली ती अशीच, गावकऱ्यांना विचारत, सडे पायाखाली घालून. २०२२ मध्ये ती जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. दगड शोधणाऱ्यांतले बरेच जण आधी चित्रं शोधणारे होते, काहींना वर्तुळ-टिंब दिसल्यावर आधी तेही कातळशिल्पच वाटलं होतं.

अलीकडची अडचण नकाशाची नाही, ‘सर्व्हे’ या शब्दाची आहे. कोकणात हा शब्द कधीच निरुपद्रवी नव्हता. एकोणिसाव्या शतकात महसुली मोजणी आली तेव्हा खोतांनी ती अडवून धरली, भांडण १८८० च्या खोती कायद्यापर्यंत गेलं, आणि खोती १९४९ च्या कायद्याने संपली. मग रेल्वेची आखणी, महामार्गाचं रुंदीकरण, अणुऊर्जा, रिफायनरी. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाला आलेल्यांसमोर बायाबापड्या उन्हात कातळावर आडव्या झाल्या होत्या. त्या सड्यावर टोपी, पाठपिशवी आणि हातात जीपीएस घेऊन चाललेला माणूस गावाला छंदिष्ट का वाटावा? एका टोळीला वाडीतल्या लोकांनी तीन तास शाळेच्या पडवीत बसवून ठेवलं होतं, चहा देऊन. ‘कंपनी कुठली?’ एवढाच प्रश्न, वेगवेगळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा.

महामार्गाने उंचीच्या दगडांचं जे नुकसान केलं ते मोजायची सोय नाही, कारण आधीची मोजदादच नव्हती. चौपदरीकरणात जुन्या दगडी मोऱ्या गेल्या, कठड्यांसकट. मुंबईत सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजणारे मैलाचे दगड महापालिकेने फुटपाथातून उकरून पुन्हा उभे केले. खाली पेण-महाडकडे तसं काही झाल्याचं दिसत नाही. हद्दीची खूण नष्ट करणं जमीन महसूल कायद्याने गुन्हा आहे, पण रस्त्याच्या ठेकेदाराला हा कायदा कुणी वाचून दाखवल्याचं ऐकिवात नाही. मोजणी खात्यालाही आता जुन्या खुणांची पूर्वीसारखी गरज उरलेली नाही. भूकरमापक रोव्हर नावाचं यंत्र घेऊन येतो, उपग्रहाशी जोडलेल्या कायम स्थानकांवरून त्याला सेंटिमीटरात जागा मिळते.

गेल्या दोन हंगामांपासून बहुतेक टोळ्या आधी पोलीस पाटलांकडे जातात. सोबत मागच्या वर्षी सापडलेल्या दगडांचे छापील फोटो असतात, ‘हेच शोधतोय, खणणार नाही’ हे दाखवायला. फोटो हातोहात फिरतात, आणि बऱ्याचदा त्यातलाच कुणीतरी म्हणतो, असा एक आमच्या पाणंदीच्या वर आहे, पोरं त्यावर बसून कैऱ्या खातात.