वळणीवर ठरणारा झुरका : सिगार, विडी आणि छाट

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर-चोपड्याच्या पट्ट्यात, भर उन्हाळ्यात टेंभुर्णीची पाने तोडली जातात. ही पाने पुढे विडीसाठी जातात. पण त्या विडीचा झुरका कसा लागेल, हे पानाइतकेच वळणाऱ्या हातावर ठरते.

सिगारच्या बाबतीत ही गोष्ट फार आधी ओळखली गेली. 1492 मध्ये कोलंबसच्या माणसांनी क्युबात तंबाखूची गुंडाळलेली पाने ओढणारे लोक पाहिले. पुढे सिगारची घडण तीन थरांची झाली : आत भरणाची पाने, त्यांना आवळून धरणारे पान आणि वर नितळ आवरण. भरण गच्च झाले तर हवाच खेचली जात नाही. सैल राहिले तर सिगार भराभर जळते, धूर तापतो आणि जीभ चुरचुरते. भरण एका बाजूला कमी पडले तर जाळ तिरपा धावतो. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते, त्यामुळे खानदेशातल्या वैशाखात उघडी राहिलेली उत्तम सिगारसुद्धा आवरण तडकून वाया जाते.

विडीला हाच कोरडेपणा नडतो. म्हणून पाने भिजवून ओल्या गोणपाटात ठेवतात, मापाचा पत्रा ठेवून कात्रीने कापतात, त्यावर जेमतेम पाव ग्रॅम जर्दा, म्हणजे विडीच्या तंबाखूचा चुरा, सारखा पसरून वळतात, तोंड दुमडतात आणि दोरा बांधतात. जर्दा मध्ये दाटला की विडी अडते. टेंभुर्णीचे पान सिगारेटच्या कागदासारखे सच्छिद्र नसल्याने विडी मुळातच विझू पाहते. ती पेटती ठेवायला माणूस जोराने आणि वारंवार ओढतो, आणि तितका जास्त विषारी धूर छातीत जातो.

सदोष ठरवून विड्या बाजूला काढण्याला या धंद्यात ‘छाट’ म्हणतात, आणि माझ्या मते या इतिहासाचा गाभा तोच आहे. सट्टेदाराने, म्हणजे पान-तंबाखू देऊन विड्या वळून घेणाऱ्या ठेकेदाराने, दिलेले पान फाटके, डागाळलेले निघाले तरी छाट वळणारीच्याच माथी बसे. नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडे आणि त्या विड्याही पुष्कळदा मालकाकडेच राहत. विडी आणि सिगार कामगारांसाठी 1966 साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याने छाटणी कशी करावी, छाटलेल्या मालाचे काय करावे आणि छाटीचे कमाल प्रमाण किती असावे, याचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला.