परदेशातल्या इंटरनॅशनल शाळा आणि कोल्हापूरचे शिक्षक: अर्जातल्या प्रत्येक कागदामागची पार्श्वभूमी

राजारामपुरी-शाहूपुरीत 'परदेशात शिक्षक भरती' अशी पाटी असली की तिच्याखाली दुबई, मालदीव, थायलंड, स्वित्झर्लंड अशी नावे एका दमात लिहिलेली असतात. वाचणाऱ्याला वाटते, काम एकच, फक्त देश वेगळे. प्रत्यक्षात या नोकऱ्या तीन वेगवेगळ्या वाटांनी तयार झाल्या आहेत. वाट बदलली की अर्जाचा महिना, मागितले जाणारे कागद आणि पगाराचा हिशेबही बदलतो. आपल्याकडचे बरेच अर्ज वाया जातात ते पात्रता कमी पडते म्हणून नव्हे, तर एका वाटेचे कागद दुसऱ्या वाटेवर पाठवले जातात म्हणून.

सर्वांत जुनी वाट सरकारी नोकरीची. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियाने शाळांसाठी भारतातून मोठ्या संख्येने शिक्षक नेले. त्यांत केरळचे लोक सर्वाधिक. १९७४ च्या क्रांतीनंतर ती वाट आटली. पुढे १९७६ मध्ये नायजेरियाने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना आणली, तेलाचा पैसा होता, आणि गणित-विज्ञानाचे भारतीय शिक्षक तिकडे गेले. तेलाचे भाव घसरल्यावर तेही थांबले. या भरतीत पदवी, बी.एड. आणि सरकारी करार एवढ्यावर भागत असे. 'परदेशात बी.एड. चालते' ही आपल्याकडची समजूत बहुधा त्या पिढीच्या अनुभवातून आलेली आहे. ती पूर्ण खोटी नाही, पण सगळीकडे खरीही नाही.

दुसरी वाट आखातातल्या भारतीय शाळांची. तेलामुळे तिथे गेलेल्या भारतीय कुटुंबांच्या मुलांसाठी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा निघाल्या, आणि आज तिथल्या अनेक शाळा सीबीएसईशी संलग्न आहेत. त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून भरती साधारण डिसेंबर ते मार्च या काळात होते, आणि मुलाखती पुष्कळदा मुंबई किंवा कोचीत घेतल्या जातात. नावात 'इंटरनॅशनल' असले तरी या शाळांना हवा असतो तो सीबीएसईचा हात बसलेला शिक्षक. राज्य मंडळाची दहावी-बारावी शिकवणाऱ्याने अर्जात एनसीईआरटीच्या पुस्तकांशी आपला संबंध स्पष्ट लिहिला नाही, तर चाळणीतच नाव जाते.

तिसरी वाट खऱ्या अर्थाने इंटरनॅशनल म्हणाव्यात अशा शाळांची. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनिव्हात शाळा निघाली. त्याच वर्षी योकोहामातही एक सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर वकिलाती, तेल कंपन्या आणि बहुराष्ट्रीय उद्योग जिथे गेले तिथे अशा शाळा उभ्या राहिल्या. मूल जिनिव्हातून उठून बँकॉकला गेले तरी शिक्षण तुटू नये, ही त्यांची मूळ गरज. त्यातूनच १९६८ मध्ये आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा आला, शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठीचा. मधल्या वर्गांसाठीचा एमवायपी १९९४ मध्ये आणि प्राथमिकसाठीचा पीवायपी १९९७ मध्ये. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा १९८८ ची. भारतात आयबी सर्वप्रथम घेतला तो कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलने, १९७६ मध्ये. आपल्याला जवळचे म्हणाल तर मुळशी खोऱ्यातले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज, १९९७ पासूनचे.

या शाळांना शिक्षक मिळवून देणे हाच पुढे एक व्यवसाय झाला. इंटरनॅशनल स्कूल्स सर्व्हिसेस ही अमेरिकी संस्था १९५५ ची. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाने १९७६ मध्ये परदेशी शाळांचा भरती मेळा सुरू केला, आणि १९९० मध्ये सर्च असोसिएट्स आली. मेळ्याचे स्वरूप असे: थंडीच्या दिवसांत एका हॉटेलात शेकडो शिक्षक आणि डझनावारी मुख्याध्यापक जमायचे, सकाळी टेबलापाशी ओळख, दुपारी खोलीत मुलाखत, संध्याकाळपर्यंत करार. कोल्हापूरच्या शिक्षकाला लंडन-बँकॉकचे तिकीट काढून या मेळ्याला जाणे परवडणारे नव्हते, त्यामुळे हे दार आपल्यासाठी अनेक वर्षे जवळपास बंदच होते. करोनानंतर बहुतेक मुलाखती पडद्यावर आल्या आणि ही एक अडचण गेली. पण मेळ्यांचे वेळापत्रक कायम राहिले, उलट ते आणखी आधी सरकले: ऑगस्टमध्ये रुजू व्हायचे असेल तर जागा आदल्या ऑक्टोबरपासून निघू लागतात आणि चांगल्या शाळांच्या बऱ्याच जागा फेब्रुवारीपर्यंत भरतात. आपल्याकडे वार्षिक परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मे मध्ये अर्ज करायचा विचार सुरू होतो. तेव्हा ऐनवेळी कोणी नकार दिल्याने रिकाम्या झालेल्या जागाच उरलेल्या असतात.

कोल्हापूर जिल्ह्यातून पूर्वी फार शिक्षक बाहेर गेले नाहीत, यालाही कारण आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, पुढे रयत शिक्षण संस्था (१९१९) आणि बापूजी साळुंखे यांची स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था (१९५४) यांचे जाळे विणले गेले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आले. बी.एड. झालेल्याला पंचक्रोशीतच अनुदानित शाळेत कायम नोकरी मिळत असे, मग आखात कशाला? हे गणित २००० च्या आसपास बिघडले. सुरुवातीची वर्षे ठरावीक मानधनावर काढायला लावणारी शिक्षणसेवक योजना आली, विनाअनुदानित तुकड्या वाढल्या, २०१३ मध्ये टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी व शिक्षक भरतीचे सरकारी पवित्र पोर्टल आले. शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले, तेही जागा निघाली आणि निवड झाली तर. सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस), म्हणजे तासाच्या दराने, वर्षे काढणाऱ्यांची तर वेगळीच कथा.

या स्थानिक इतिहासाचा अर्जावर थेट परिणाम होतो. बाहेरच्या शाळा साधारणपणे दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव मागतात. सीएचबीचा दाखला 'तासिका तत्त्वावर' असे शब्द घेऊन येतो आणि तिथेच गाडी अडते. विनाअनुदानित शाळेत पूर्णवेळ काम केले, पण पगार व्हाउचरवर घेतला, तर पगारपत्रक आणि बँक स्टेटमेंट जुळत नाही. यावर उपाय एकच: रुजू झाल्यापासूनची तारीख, विषय, इयत्ता, आठवड्याचे तास आणि पदाचे स्वरूप लिहिलेला दाखला संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, नोकरीत असतानाच घ्यायचा. संस्था सोडल्यावर तो मिळवणे म्हणजे हेलपाटे. डी.एड. हा पदविका अभ्यासक्रम आहे. पदवीशिवाय नुसत्या डी.एड.वर आखातातही फारशी दारे उघडत नाहीत. मुक्त विद्यापीठातून केलेल्या पदवीला समकक्षता देताना काही देश खोडा घालतात, म्हणून अभ्यास नियमित होता की दूरस्थ याचे विद्यापीठाचे पत्र आधीच काढून ठेवावे.

आता शिक्क्यांकडे. कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्यासाठी पूर्वी प्रत्येक वकिलातीचा शिक्का लागे. तो खटाटोप कमी करण्यासाठी १९६१ मध्ये हेग येथे करार झाला, त्यातून अपोस्टिल आले, म्हणजे करारातल्या सर्व देशांत चालणारा एकच शिक्का. भारतासाठी तो करार २००५ मध्ये लागू झाला. ओमान आणि बहारीन त्यात आहेत, सौदी अरेबियाही डिसेंबर २०२२ पासून आहे. संयुक्त अरब अमिरात, कतार आणि कुवेत मात्र त्याबाहेर असल्याने तिथे अपोस्टिल पुरत नाही, दूतावासाचा साक्षांकन-शिक्का लागतो. एजंटाने दुबईसाठी 'अपोस्टिल करून देतो' म्हटले तर त्याला या धंद्याचा गंध नाही असे समजावे.

क्रम असा असतो: आधी विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी (शिवाजी विद्यापीठाची असेल तर विद्यानगरला), मग राज्य शासनाचा मुंबईतला शिक्का, ज्याला एजंट अजूनही 'एचआरडी' म्हणतात, मग परराष्ट्र मंत्रालय, आणि शेवटी गरज असेल तर दूतावास. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिलचे शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. बाकीचा खर्च संकलन करणाऱ्या संस्थेचा, कुरिअरचा आणि एजंटाचा. तात्पुरते उत्तीर्ण प्रमाणपत्र चालत नाही, दीक्षान्तातली पदवीच लागते. अनेकांनी ती काढलेलीच नसते.

सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. काही ठिकाणी शेजारी आईचेही. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत. त्यात दहावी-बी.एड. माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल तर दोन वेगळ्या व्यक्ती आहेत की काय, असा प्रश्न समोरच्याला पडतो. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद यांवरही तोच शिक्का करून घ्यावा लागतो. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहायचे, अक्षराचाही फरक नको.

पोलिसांच्या दाखल्याचीही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. अनेक देशांतल्या इंटरनॅशनल शाळांत शिकवणारा विल्यम वाही हा शिक्षक २०१४ मध्ये मेल्यावर त्याने वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात त्याला अशाच गुन्ह्यात शिक्षा झालेली होती आणि ती कोणत्याच शाळेने तपासलेली नव्हती. त्यानंतर शाळांच्या संघटनांनी एकत्र येऊन बालसुरक्षेचे निकष कडक केले. म्हणून आज प्रत्येक देशातला, जिथे राहिलात तिथला, पोलीस दाखला मागतात आणि कामात खंड पडलेल्या प्रत्येक महिन्याचे कारण, सुट्ट्यांसकट, विचारतात. 'घरी होतो' हे उत्तर चालते, पण रिकामी जागा चालत नाही.

इथे कोल्हापूरकरांची नेहमी एक गफलत होते. पोलीस अधीक्षक कार्यालयाचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, जे इथल्या नोकरीसाठी काढतात, ते बाहेर चालत नाही. हवे असते ते पासपोर्ट खात्याचे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, अर्ज पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर, शुल्क ५०० रुपये. सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रांतही त्यासाठी वेळ मिळते, पुण्याची खेप वाचते. पासपोर्टवरचा पत्ता गावचा आणि राहणे शहरात असेल तर पडताळणी रेंगाळते. आणि हा दाखला फार आधी काढून ठेवू नये. शाळा ताजाच मागतात.

वाही प्रकरणाचा दुसरा परिणाम शिफारसपत्रांवर झाला. 'ज्याच्या त्याच्यासाठी' लिहिलेले, शिक्का मारलेले पत्र आता रद्दीच समजा. शाळा थेट मुख्याध्यापकांना गोपनीय फॉर्म पाठवतात, त्यात 'या व्यक्तीला मुलांबरोबर काम करू द्याल का' असा थेट प्रश्न असतो. आपल्या संस्थांत मुख्याध्यापकांचा मेल त्यांच्या मुलाच्या नावाचा, नाहीतर शाळेच्या नावापुढे चार आकडे जोडलेला जीमेलचा. असा पत्ता समोरच्या शाळेला बनावट वाटतो. अर्ज करण्याआधी शाळेच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता करून घेणे, नाहीतर कार्यालयाचा दूरध्वनी, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि शाळेचे संकेतस्थळ सोबत देणे, एवढे जमले तरी फरक पडतो. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा की इंग्रजीत फॉर्म येणार आहे आणि तो आठवड्यात भरायचा आहे. अन्यथा तो स्पॅममध्ये पडून राहतो.

पगाराबाबत उघड बोललेले बरे. या शाळांमध्ये पूर्वीपासून 'ओव्हरसीज हायर' (बाहेरून नेमलेले) आणि 'लोकल हायर' (तिथेच नेमलेले) अशा दोन श्रेणी चालत आल्या आहेत: पहिल्याला घर, विमानाचे तिकीट, मुलांची फी; दुसऱ्याला नुसता पगार. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर तिथे पोहोचून मग नोकरी शोधली, तर दुसऱ्या श्रेणीत जाण्याची शक्यता जास्त. शिवाय इंग्रजी भाषा शिकवण्याच्या नोकऱ्यांत चीनसारखे देश इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचा पासपोर्ट पाहतात. हा अन्याय आहे, पण व्हिसाच्या नियमातच असल्याने मुलाखतीतल्या इंग्रजीने तो भरून निघत नाही. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक या विषयांना ही आडकाठी कमी जाणवते. इंग्लंडनेही १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना त्यांचा क्यूटीएस दर्जा (तिथली शिक्षकाची अधिकृत पात्रता) मागण्याची वाट खुली केली आहे, ती ११ ते १६ वयोगट शिकवणाऱ्यांसाठी. ऑनलाइन पीजीसीईआय (शिक्षणशास्त्राचे आंतरराष्ट्रीय पदव्युत्तर प्रमाणपत्र) विकणारे याच दर्ज्याचे नाव घेतात, पण नुसत्या पीजीसीईआयने क्यूटीएस मिळत नाही.

एजंटाबद्दल कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी भरती करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, आणि त्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढेच शुल्क घ्यायचे. नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. दहावी झालेल्याला उत्प्रवास मंजुरी (कामासाठी देश सोडण्याची सरकारी परवानगी) लागत नाही, त्यामुळे शिक्षक सरकारी नजरेतून सुटतात आणि नेमके तेच फसवणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. अमिरातीच्या कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही. 'आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू' म्हणणाऱ्याकडे जाऊच नये. त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. ऑफर लेटरमधला मूळ पगार वेगळा पाहावा, कारण अमिरातीत सेवा संपतानाची ग्रॅच्युइटी त्यावरच धरतात: पहिल्या ५ वर्षांसाठी वर्षाला २१ दिवस, पुढे ३० दिवस. भत्ते फुगवून मूळ पगार कमी ठेवलेला करार दिसायला छान असतो, शेवटी हातात कमी देतो.

राहिला राजीनामा. खासगी शाळा सेवाशर्ती नियमावली १९८१ नुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि अस्थायीला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. ऑगस्टमध्ये तिकडे रुजू व्हायचे असेल तर एप्रिल संपायच्या आत पत्र संस्थेच्या आवक नोंदीत पडले पाहिजे, आणि ते करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यानंतरच द्यावे. मूळ प्रमाणपत्रे संस्थेकडे जमा असतील तर ती त्याआधी परत घ्यावीत.