आमदारांना रिचार्जचे दर कमी करता येतात का?

"सगळ्या आमदारांनी मनावर घेतलं तर विधानसभेत कायदा होऊन रिचार्ज निम्म्यावर येईल" हा मेसेज बीड-धाराशिवकडच्या ग्रुपांवर कितीतरी वर्षं फिरतोय. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पीकविम्याच्या ओटीपीसाठी माणूस फोन हातात धरून गच्चीवर उभा राहतो. त्याला हा मेसेज खरा वाटला तर नवल नाही. पाणी, रस्ता, वीज, सगळ्यासाठी आपण आमदारांकडेच जातो.

पण टेलिफोन आणि बिनतारी दळणवळण हा विषय राज्याचा नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या याद्या आहेत. त्यातल्या संघ सूचीत 31 व्या क्रमांकावर डाक, तार, टेलिफोन आहे. अनुच्छेद 246 प्रमाणे या सूचीतल्या विषयांवर कायदा फक्त संसद करते. 1885 चा तार कायदा केंद्राचा होता, 2023 चा दूरसंचार कायदाही संसदेनेच केला. तणावाच्या वेळी राज्याचा गृह विभाग इंटरनेट बंद करतो, तेव्हाही तो अधिकार केंद्राच्या कायद्यातूनच आलेला असतो.

घटनेची मराठी प्रत सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. ती उघडून 31 वी नोंद स्वतः वाचा.

म्हणून आमदारांकडे जाऊच नका असं मात्र नाही. टॉवरसाठी सरकारी जागा, स्थानिक परवानगी, वीजजोडणी इथे त्यांचा पाठपुरावा खरंच कामी येतो. दरांबद्दलचं निवेदन खासदारांना द्या. त्यांनी लोकसभेत विचारलेला प्रश्न आणि मंत्र्यांचं उत्तर कुणालाही वाचता येतं.