जागा धरून बसणारे जिवाणू

उपवासासाठी आणलेले रताळे टोपलीत चार दिवस राहिले, की कधीकधी त्याचे एक टोक मऊ लागते. साल जवळजवळ शाबूत असते. पण अंगठ्याने दाबताच आंबूस वासाचे पाणी सुटते, आणि फुटलेल्या जागी कापसासारखे पांढरे तंतू उगवून त्यांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याहूनही बारीक काळे ठिपके दिसू लागतात. ही ऱ्हायझोपस स्टोलोनिफर नावाची बुरशी. शिळ्या पावावर चढते तीच. रताळ्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. तंतू पोहोचण्याआधीच ही बुरशी पेक्टिन विरघळवणारी विकरे पुढे धाडते, त्यामुळे रताळे आतल्या आत सुटे होत जाते.

तिला आत शिरायला मात्र जखम लागते, आणि तीही विशिष्ट प्रकारची. धारदार सुरीने झालेल्या स्वच्छ कापापेक्षा आपटून चेचलेल्या किंवा मोडलेल्या टोकावर ती सहज रुजते, कारण चेचलेल्या पेशींतून पाझरलेली साखर तिला आयती मिळते.

अमेरिकेत सर्वाधिक रताळी पिकवणाऱ्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात काढणीनंतर रताळी काही दिवस सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात, दमट हवेत ठेवतात, म्हणजे काढणीच्या जखमांवर नवी साल धरते. पुढे ती १३ ते १५ अंशांवर कित्येक महिने टिकतात. याहून अधिक थंडी रताळ्याला सोसत नाही, म्हणून बटाट्याप्रमाणे ती ४ अंशांवर ठेवून बुरशीला थोपवता येत नाही. खरा घात होतो तो बाजारात पाठवण्याच्या दिवशी. धुण्याच्या हौदातून प्रतवारीच्या पट्ट्यांवर गडगडत, आपटत रताळी खोक्यांत पडतात, नव्या जखमा होतात आणि त्या भरून येण्याआधी माल वाटेला लागतो. या टप्प्यावर तेथे वर्षानुवर्षे डायक्लोरान हे बुरशीनाशक वापरले गेले. परंतु खाण्याच्या वस्तूवर अगदी शेवटच्या क्षणी मारलेल्या औषधाचा अंश राहतो, आणि तो अनेक ग्राहकांना, विशेषतः युरोपातल्या, नको असतो.

इथे उपयोगी पडतो तो स्यूडोमोनास सिरिंगी हा जिवाणू. वेस्ट व्हर्जिनियातील केअर्नीझव्हिल येथील सरकारी फळसंशोधन केंद्रात वॉइचेख यानिशेविच यांनी सफरचंदाशी निगडित सूक्ष्मजीवांवर जे काम केले, त्यातून या जिवाणूचे निरुपद्रवी वाण पुढे आले, आणि १९९५ साली अमेरिकेत काढणीनंतरच्या वापरासाठी त्यांची नोंदणी झाली. गंमत अशी, की याच जातीचे इतर वाण पिकांवर रोग पाडतात. म्हणून नुसत्या जातीच्या नावावरून भलेबुरे ठरवता येत नाही, वाण पाहावा लागतो.

त्याची रीत एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या प्रवाशासारखी आहे. जखमेतील साखर आणि अमिनो आम्ले तो भराभर फस्त करतो, काही तासांत संख्येने वाढून ती जागा व्यापतो, आणि मागून आलेल्या बीजाणूला रुजण्यापुरतेही खाद्य उरत नाही. स्यूडोमोनासच्या काही वाणांना बुरशीविरोधी द्रव्येही तयार करता येतात, तरी या कामात मुख्य भर खाद्य आणि जागा यांच्या स्पर्धेवर असल्याचे मानले जाते. मानवी शरीराच्या ३७ अंश तापमानाला हा जिवाणू नीट वाढत नाही, ही खाणाऱ्याच्या दृष्टीने दिलाशाची बाब.

पण हे औषध नव्हे, राखण आहे. बुरशी आधीच आत शिरली असेल, तर जिवाणू फवारून काहीही साधत नाही. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रांत स्यूडोमोनास आणि बॅसिलस यांच्या भुकट्या मिळतात. पण त्या बीजप्रक्रियेसाठी, जमिनीत देण्यासाठी किंवा उभ्या पिकावर फवारण्यासाठी असतात, आणि त्याच भुकटीत धुतलेली रताळी बुडवून तोच परिणाम मिळेल असे समजणे चूक ठरेल. शिवाय जिवाणूंचा हा माल जिवंत असल्याने तो थंडीत सांभाळावा लागतो, आणि धुण्याच्या पाण्यात बीजाणू मारण्यासाठी घातलेले क्लोरीन त्यालाही तितक्याच सहजतेने मारते. म्हणून रताळी आधी क्लोरीनच्या पाण्यातून जातात, आणि जिवाणूंचा फवारा त्यानंतर, खोक्यात भरण्याच्या जरा आधी बसतो.